‘येवा, कोकण आपलाच आसा’ : एका बोलीवाक्याचे लेखन

सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाहुण्यांच्या स्वागतासाठी योजिले जाणारे हे मालवणी वाक्य आता सर्वपरिचित झाले आहे. ते कानांनी ऐकताना कोणाचाही घोटाळा होत नाही. फलकांवर व छापील मजकुरात मात्र ते ‘आपलाच आसा’, ‘आपलाच असा’, ‘आपलोच असा’ अशा निरनिराळ्या रूपांत आढळते. यांतील ग्राह्य रूप कोणते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु बोली लिपिबद्ध करताना तिचे व्याकरण कोठे हरवते, हे त्यावरून चांगले कळते.

प्रथम क्रियापद पाहू. मालवणीतील ‘आसा’ म्हणजे प्रमाण मराठीतील ‘आहे’. ‘तो आसा’, ‘ते आसत’ असा त्याचा प्रयोग होतो. गोव्याच्या कोंकणीतही ‘आसा’ हेच रूप आहे. यातील आद्य स्वर ऱ्हस्व करून ‘असा’ लिहिले, की प्रमाण मराठीचा वाचक त्याचा अर्थ ‘या प्रकारचा’ असा घेतो आणि वाक्य क्रियापदावाचून अधांतरी राहते. परिचित शब्दाच्या ओढीने केलेली ही दुरुस्ती वस्तुतः मोडतोड होय.

‘आपलाच’ या रूपाची गोष्ट याहून बोधक आहे. प्रमाण मराठीच्या सवयीने ते पुल्लिंगी वाटते. पण मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारान्त असते (‘माझो’, ‘बरो’), तर नपुंसकलिंगी एकवचन आकारान्त होते. ‘बरे झाले’ याऐवजी ‘बरा झाला’ असे म्हणतात. ‘कोकण’ हा शब्द नपुंसकलिंगी धरल्यास ‘आपलाच’ हेच रूप सुसंगत ठरते. ‘आ’चा ‘ओ’ केला की मालवणी झाली, या समजुतीने ‘आपलोच’ लिहिणाऱ्याने लिंगभेदाकडे दुर्लक्ष केलेले असते. ‘येवा’ हे ‘या’ या आदरार्थी आज्ञार्थाचे रूप आहे. एकट्या लहान मुलाला बोलावताना ‘ये’ पुरते.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत ‘असं’, ‘केलं’ या बोलण्यातील रूपांवर अनुस्वार देण्याची तरतूद आहे. ती प्रमाण मराठीच्या बोलण्याच्या ढंगापुरती आहे. तोच संकेत मनात ठेवून मालवणी ‘येतंय’ वाचले, तर ‘(ते) येत आहे’ असा अर्थ निघेल. मालवणीत मात्र ‘मी येतंय’ हे प्रथमपुरुषी रूप आहे. चिन्ह एकच, व्याकरण भिन्न.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ही बोली ‘कुडाळी’ या नावाने नोंदली गेली. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकातून मच्छिंद्र कांबळी यांनी ती महाराष्ट्रभर पोहोचविली. रंगभूमीवर नटाचा स्वर व हावभाव अर्थ सांभाळून घेतात. कागदावर ते साहाय्य नसते. तेथे एका कान्याने क्रियापद राहते किंवा जाते.

म्हणून बोलीतील वाक्य लिहिताना दोन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ज्या स्वरभेदावर अर्थ, लिंग किंवा पुरुष अवलंबून आहे, तो जसाच्या तसा राखावा. आणि केवळ ग्रामीण ठसा उमटावा म्हणून रूपे विकृत करू नयेत. क्षेत्रकार्यात संहिता टिपणाऱ्या अभ्यासकाने ही पथ्ये मोडली, तर पुढील संशोधक बोलीचे नव्हे, लेखनिकाच्या सवयींचे व्याकरण लिहील.