प्रेमातली माया

वाचकहो, घरातील वृद्धाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो, पण तो बोलून दाखवण्याचे धैर्य सहसा होत नाही. रात्री तिसऱ्यांदा उठून अंथरूण बदलताना मनात चीड उसळली, तर आपले प्रेम आटले काय? अंथरुणावर पडून असलेल्या व्यक्तीच्या मनातही याच्या जोडीचा एक प्रश्न घर करून असतो : माझे सारे करणारी ही माणसे हे मायेने करतात, की केवळ कर्तव्य म्हणून? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे. प्रेम ही मनात दाटून येणारी भावना आहे, की हातून घडणारी कृती?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ‘प्रेम’ हा शब्द घरात क्वचितच उच्चारला. त्यांच्या बोलण्यात जिव्हाळा होता, लळा होता आणि माया होती. यांतील ‘माया’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वेदान्तात तो भ्रमाचे नाव आहे, घरात ममतेचे आणि शिंप्याकडे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाचे. अंगाबरोबर शिवलेला कपडा थोडा ताण पडताच उसवतो. आत माया ठेवलेली असेल, तर तो गरजेप्रमाणे सैल करता येतो. दीर्घ आजारपणातील प्रेमाला नेमकी अशीच माया ठेवावी लागते. या दृष्टीने कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहिले, तर धर्माने आणि धर्माबाहेरच्या माणुसकीने प्रेमाविषयी काय सांगितले, याची साक्ष तेथे जवळजवळच सापडते.

भक्तीची सुरुवात ऐकण्यापासून

साताऱ्याजवळील सज्जनगडावर समर्थ रामदासांनी आयुष्याची अखेरची वर्षे व्यतीत केली. त्यांच्या दासबोधातील चौथा दशक नवविधा भक्तीचा आहे. श्रवण, कीर्तन, नामस्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन हा तो क्रम. हा क्रम नीट पाहावा. त्याची सुरुवात भावनेच्या उमाळ्याने होत नाही, ऐकण्याने होते. दास्यभक्तीच्या वर्णनात समर्थ देवालयाची डागडुजी, स्वच्छता आणि हलकी समजली जाणारी कामेही भक्तीतच मोजतात. सख्यभक्तीचे लक्षण सांगताना ते देवाला जे आवडते त्याप्रमाणे आपण वागावे, असे सुचवतात.

घरातील शुश्रूषेला हे जसेच्या तसे लागू पडते. वडिलांनी तीच आठवण दहाव्यांदा सांगितली आणि आपण ती ऐकून घेतली, तर ते श्रवण. भांडे उचलणे, अंग पुसणे हे दास्य. आईला चहा कोणत्या पेल्यात आवडतो हे लक्षात ठेवणे म्हणजे सख्य. त्या वेळी मन भरून आलेच पाहिजे, अशी अट कोणीही घातलेली नाही.

मैत्री आणि उपेक्षा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. पुढे तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ज्ञात झाले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या बुद्धविषयक ग्रंथात त्यांनी करुणा आणि मैत्री यांतील भेद सांगितला आहे. करुणा माणसांपुरती असते, तर मैत्री सर्व जीवमात्रांना कवेत घेते. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या जोडीला चौथी भावना सांगितली आहे, ती उपेक्षेची. व्यवहारात आपण ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष समजतो. येथे मात्र तिचा अर्थ मनाचा समतोल असा आहे. रुग्णाचा ताप उतरला म्हणून हुरळायचे नाही आणि तो रागावून बोलला म्हणून खचायचे नाही. हा समतोल नसेल, तर करुणा असलेला माणूसच सर्वांत आधी थकून जातो.

सराईच्या मालकाची गोष्ट

कृष्णाकाठाने सांगलीकडे येताच मिरज लागते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. आज मिरज वैद्यकीय उपचारांचे केंद्र म्हणून ओळखली जाते, त्यामागे या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. ज्या धर्मपरंपरेतून हे काम आले, तिच्यातील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. वाटेत जखमी पडलेल्या परक्याच्या जखमा तो बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो आणि सराईत नेतो. त्या गोष्टीतील पुढचा भाग मात्र आपण विसरतो. दुसऱ्या दिवशी तो सराईच्या मालकाला पैसे देतो, जास्त खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो. सेवेचा काही भार त्याने दुसऱ्यावर सोपवला. म्हणून त्याचे प्रेम कोणी उणे ठरवलेले नाही.

धर्माबाहेरची माणुसकी

प्रेमाला देवाचा आधार लागतोच, असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. या मुलांच्या पोटापाण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. रक्ताचे नाते नसलेल्या मुलांसाठी केलेल्या या त्यागामागे परलोकातील पुण्याचा हिशेब नव्हता. समोरचे मूल उपाशी आहे, एवढे कारण तिला पुरेसे होते.

परंतु त्यागालाही विवेक हवा. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी ज्या कथेवर आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिली, ती महाभारतातील ययातीची कथा येथे आठवते. अकाली वार्धक्य आलेला पिता मुलांकडे तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. कथा येथेच संपत नाही. उपभोगाने वासना शमत नाही, हे उमगल्यावर ययाती ते तारुण्य मुलाला परत करतो. मुलाने देणे हे जसे प्रेम, तसे पित्याने परत करणे हेही प्रेमच. ज्येष्ठ वाचकांनी या दुसऱ्या भागाचे अवश्य चिंतन करावे.

कायद्याची भाषा याहून कोरडी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा प्रेमाविषयी एक अक्षरही काढत नाही. तो निर्वाहखर्चाविषयी बोलतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेतली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याची तरतूदही त्यात आहे. प्रेमाची सक्ती करता येत नाही, पण अन्न, औषध आणि निवारा यांची करता येते. हा भेद कायद्याने योग्यच ओळखला आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

चीड येणे हे बहुतेक वेळा अपुऱ्या झोपेचे लक्षण असते, प्रेम संपल्याचे नव्हे. आठवड्यातील काही ठराविक तास भावंडे, शेजारी किंवा पगारी सेविका यांच्याकडे सोपवावेत आणि त्या वेळात खरोखर विश्रांती घ्यावी. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती अनेकदा सर्वांत जवळच्या माणसावरच चोरीचा आळ घेते. तो आजाराचा भाग आहे. वाद घालू नये, हरवलेली वस्तू त्यांच्यासोबत शोधावी. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत राहू लागली, तर तो हट्ट समजू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांचा परिणाम ही कारणे त्यामागे असू शकतात. त्वरित डॉक्टरांना दाखवावे. स्वतःचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.

ज्येष्ठांसाठी

सेवा घेणे हेही प्रेमाचेच एक रूप आहे. काय आवडते आणि काय खुपते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. न बोलता ओळखण्याची अपेक्षा ठेवली, की दोन्ही बाजूंना दुःख होते. सुनेने किंवा मुलाने एक दिवस बाहेर जायचे म्हटले, तर त्यांना प्रसन्न मनाने निरोप द्यावा. पुरूला परत मिळालेले तारुण्य ते हेच. घरात अवहेलना होत असेल, तर मात्र लाजेखातर गप्प राहू नये. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे.

भक्त, उपासक, डॉक्टर आणि शिक्षक यांचे मार्ग वेगळे होते. तरी त्यांची प्रेमाची कसोटी एकच दिसते : समोरच्याची गरज आपल्याला दिसली का, आणि आपण तिच्यासाठी हात पुढे केला का. रात्री चिडत का होईना, पण आपण उठलात आणि अंथरूण बदललेत. वाचकहो, त्या कसोटीला आपण उतरला आहात. आता शिवणीत थोडी माया स्वतःसाठीही ठेवावी.