लाल शेवाळावरची तपकिरी साय

किनाऱ्यावरच्या बचत गटांत हल्ली समुद्री शेवाळाच्या शेतीचा विषय निघतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही या शेतीला जागा आहे. म्हणून आज या शेवाळावर राहणाऱ्या एका बारीक भाडेकरूची ओळख करून घेऊ.

ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या बायांनी खडकावरचं लाल शेवाळ पाहिलेलं असतं. त्याच्याच काही जातींपासून आपल्या खरवसासारख्या वड्यांना घट्टपणा देणारं चायना ग्रास बनतं. या शेवाळाला कधी कधी तपकिरी, बुळबुळीत थर लागतो. तो चिखल नव्हे. ते डायटम, म्हणजे एकाच पेशीचं सूक्ष्म शेवाळ. प्रत्येकाभोवती काचेसारखी डबी असते. काही जाती पालथ्या चिकटतात, तर काही डिंकासारख्या देठावर पंख्यासारख्या उभ्या राहतात. डायटम लाल शेवाळाला खात नाहीत. त्यांना उजेडात बसायला जागा हवी असते, एवढंच.

हा थर वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्यात लाटा खडक घासून काढतात. पाणी गढूळ असतं, ऊन आत पोचत नाही, खाडीतून गोडं पाणी येतं. पण तेच पाणी डायटमला लागणारं खत आणि डबीसाठी सिलिका घेऊन येतं. पाऊस सरला, पाणी निवळलं की त्यांना उजेड आणि खत दोन्ही मिळतं. नवा कोंब स्वच्छ असतो. तो जसा जुना होतो, तसा थर वाढत जातो. उन्हाळ्यात ओहोटीला उघडा पडणारा खडक तापतो आणि शेवाळासकट त्यावरचा थरही सुकतो.

थोडा थर असला तर बिघडत नाही. गोगलगायी आणि बारीक कोळंब्यांचं ते अन्न आहे. जाड झाला की मात्र तो उजेड अडवतो, शेवाळाची वाढ खुंटते.

दोरीवर लावलेल्या शेवाळाला दुसराही धोका असतो. मलेशियाच्या साबाह भागात शेतातल्या शेवाळावर आधी काळे ठिपके दिसले, मग त्यातून केसांसारखं दुसरं लाल शेवाळ उगवलं. मार्च ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे पाण्याचा उबदारपणा आणि खारटपणा बदलतो तेव्हा, त्याचा जोर होता. त्याची मुळं सालीत शिरतात, ते झटकून निघत नाही.

म्हणून ऋतू बदलताना दोऱ्या जास्त वेळा पाहा. तपकिरी थर पाण्यातच हलवून धुवा. काळे ठिपके किंवा केस दिसले तर तो भाग काढून टोपलीत घ्या आणि किनाऱ्यावर आणा, परत पाण्यात टाकू नका. बियाण्यासाठी कोवळे, स्वच्छ शेंडेच निवडा. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे बायका तराफ्यांवर हे पीक घेतात. तिथे ते साधारण ४५ दिवसांत काढणीला येतं. एवढ्या थोड्या दिवसांच्या पिकात आठवडाभराचं दुर्लक्षही महागात पडतं.

गटात पाळी लावा आणि एका वहीत तारीख, पाण्याचा रंग, थर किती ते लिहून ठेवा. दोन वर्षांत आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक आपल्याच हाती येईल.