रिकाम्या फळ्यांची साक्ष

इंग्लंडमध्ये, जुन्या रोमन मार्गावर, स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. जानेवारी २०११ मध्ये तेथील सार्वजनिक ग्रंथालयातील सुमारे १६,००० पुस्तके काही दिवसांतच फळ्यांवरून नाहीशी झाली. चोरी झाली नव्हती. प्रत्येक पुस्तक सभासदाच्या नावे रीतसर नोंदवून बाहेर गेले होते.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांच्या निधीत मोठी कपात केली. नगरपरिषदांना कोठेतरी कात्री लावणे भाग होते, आणि ग्रंथालयावर ती लावणे सोपे वाटले. हिशेबात ग्रंथालयाचा पगार, वीज आणि दुरुस्ती तेवढी दिसते. जमेच्या बाजूस मांडावे असे काही नसते. स्टोनी स्ट्रॅटफर्डचे ग्रंथालयही बंद होण्याच्या मार्गावर होते. तेथील ग्रंथप्रेमींनी एकमेकांना साधा निरोप दिला : आपल्या वाट्याची सर्व, म्हणजे प्रत्येकी १५ पुस्तके घेऊन जा. गृहिणी आल्या, वृद्ध आले, मुलांना घेऊन आईबाप आले. अखेर फळ्या पूर्ण रिकाम्या झाल्या, आणि ग्रंथालय नसलेले गाव कसे दिसेल, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

सर्व ठेवीदार एकाच आठवड्यात ठेवी काढावयास आले, तर भक्कम बँकही कोसळते. येथे मात्र सर्वांनी एकदम उचल केली आणि संस्थेची पत वाढली. ते ग्रंथालय बंद झाले नाही.

सर्वत्र असे यश आले नाही. लंडनमधील केन्सल राइझ ग्रंथालयाचे उद्घाटन १९०० साली मार्क ट्वेन यांच्या हस्ते झाले होते. ब्रेंट नगरपरिषदेने आपल्या १२ पैकी ६ ग्रंथालये बंद करण्याचे ठरविले, त्यांत हेही होते. नागरिक न्यायालयात गेले. सार्वजनिक ग्रंथालयसेवा पुरविणे हे १९६४ च्या कायद्यान्वये तेथील स्थानिक संस्थांचे कर्तव्यच आहे. तरीही उच्च न्यायालयात आणि अपिलातही ते हरले. मे २०१२ मध्ये पहाटेच्या अंधारात, पोलिसांच्या उपस्थितीत, आतील पुस्तके हलविण्यात आली. ज्यांना आपल्या निर्णयाविषयी खात्री असते, ते सहसा अशी वेळ निवडीत नाहीत. नागरिकांनी मात्र बंद दाराबाहेरच फळ्या मांडून पुस्तकांची देवघेव चालू ठेवली. मूळ जमीन ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स महाविद्यालयाने ग्रंथालयासाठीच दिलेली होती, हा धागा त्यांनी सोडला नाही. इमारत पुढे विकसकाकडे गेली, तरी तळमजल्यावरील काही जागा ग्रंथालयासाठी राखली गेली, आणि २०१९ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर तेथे पुन्हा वाचक येऊ लागले. आठ वर्षांच्या चिकाटीचे हे फळ संपूर्ण नव्हे, हेही खरे.

आपल्या समाजास ग्रंथांचे मोल सांगावयास नको. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदानास स्थान देणारी ही परंपरा आहे. पाटण आणि जैसलमेरच्या ज्ञानभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते जपली. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये दिले. दान देण्यात आपण मागे नाही. परंतु ज्या वाचनालयाच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, तेथे नातवाचे सभासदत्व असतेच असे नाही. पाटी उत्पन्न देत नाही आणि वाचकही आणीत नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने शासकीय अनुदान मिळते. काही राज्यांत ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर आहे; आपल्याकडे तो नाही. त्यामुळे अनुदान आणि लोकाश्रय यांवरच सारी भिस्त. अनुदान वाढावे म्हणून निवेदन द्यावयाचे, तर त्याखाली सही करणारा स्वतः सभासद असलेला बरा. नाहीतर समोरचा अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारील.

कार्तिक शुद्ध पंचमीस गुजराती व्यापारी लाभपंचमी मानतात, दुकाने उघडतात, नव्या वहीत पहिली नोंद करतात. तीच तिथी ज्ञानपंचमीची. भांडारांतील ग्रंथ त्या दिवशी बाहेर काढून, झटकून, दर्शनास मांडले जातात. दुकानाचा मुहूर्त आटोपल्यावर गावातील वाचनालयापर्यंत जाण्यास दहा मिनिटे पुरतात, आणि देवघेवीच्या वहीत नाव लिहावयास त्याहूनही कमी.