एचआयव्हीची माहिती आईपर्यंत नेणाऱ्या ‘प्रोमोतोरा’

अमेरिकेत लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, मध्य-दक्षिण अमेरिका इथं मूळ असलेले लोक, लोकसंख्येच्या साधारण १९ टक्के आहेत. पण तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार एचआयव्हीच्या नव्या संसर्गांपैकी जवळपास एक तृतीयांश याच समाजात झाले. त्यातही बहुतेक पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये. संसर्ग टाळणारी ‘प्रेप’ गोळी तर तिथं २०१२ पासून मंजूर आहे.

मग अडतं कुठं? बऱ्याचदा घरात. हा विषय आईवडिलांसमोर काढायचाच नाही, हे आपल्यालाही नवीन नाही. पोरगा वडिलांच्या विम्यावर असेल तर तपासणीचा कागद थेट घरी येऊ शकतो. ज्यांच्याकडे राहण्याची कागदपत्रंच नाहीत, त्यांना दवाखान्याचीही धास्ती.

इथं कामाला येतात ‘प्रोमोतोरा’. त्याच वस्तीतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायका. आपल्या आशाताईंसारख्या म्हणा. त्या आयांना सांगतात की एका ताटात जेवल्यानं लागण होत नाही. औषध रोज घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो पुढं जात नाही. मुलगा पॉझिटिव्ह निघाला तरी तो घरातच राहू शकतो, हे आईला पटलं की तोही तपासणीला जायला धजावतो.

नुसतं स्पॅनिश पत्रक छापून हे होत नाही. मराठी पत्रकासाठी भांडणाऱ्या आपल्यालाही हा फरक कळायला हवा.

आपल्याकडं सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते. नाव गुप्त राहतं. हेल्पलाइन १०९७, कुठल्याही राज्यातून.