अंधाने शिकविलेला मार्गदर्शक कुत्रा : आज्ञा आणि अर्थ

अंध व्यक्तीने आपल्या मार्गदर्शक कुत्र्याला स्वतःच शिकवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत भासते. ज्याला अडथळा दिसत नाही, तो अडथळा टाळण्याचे शिक्षण कसे देणार? परंतु इतिहासाचा क्रम पाहता ही प्रथा शिक्षणसंस्थांच्या आधीची आहे. व्हिएन्ना येथील योझेफ रीझिंगर या चाळण्या बनविणाऱ्या अंध कारागिराने १७८८ च्या सुमारास स्पिट्झ जातीच्या कुत्र्याला इतके उत्तम शिकविले होते की, हा मनुष्य खरोखर अंध आहे काय, अशी शंका लोक घेत. त्याच नगरातील अंधशिक्षणसंस्थेचे संस्थापक योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुत्र्याच्या गळपट्ट्याला कठीण दांडी जोडण्याची पद्धत सांगितली. स्वित्झर्लंडमधील याकोब बिरर यांनी स्वतः शिकविलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने काढलेल्या पाच वर्षांचा अनुभव १८४७ मध्ये लिहून ठेवला. संस्थांचा काळ यानंतरचा. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये शाळा निघाली आणि अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ मध्ये स्थापन झाली.

संस्थेच्या पद्धतीत डोळस शिक्षक कुत्र्याला काही महिने शिकवितो व त्यानंतर अंध व्यक्तीशी त्याची जोडी जुळविली जाते. आज्ञांचे अर्थ शिक्षक आणि कुत्रा यांच्यामध्ये आधीच ठरलेले असतात. अंध व्यक्तीला ते तयार शब्दसंग्रहाप्रमाणे आत्मसात करावे लागतात. जो स्वतः शिकवितो, त्याच्या बाबतीत मात्र शब्द व अर्थ यांचा संबंध त्या दोघांमध्येच प्रथम निर्माण होतो. म्हणून येथे खरा प्रश्न पडताळणीचा आहे. कुत्र्याने शब्दाचा योग्य अर्थ घेतला की नाही, हे न पाहता कसे ओळखावे?

त्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुत्रा मालकाला इच्छित स्थळी आपण होऊन नेतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः मार्ग माणसाच्या मनात असतो. किती चौक ओलांडावयाचे, कोठे वळावयाचे, हे तो ठरवितो. कुत्रा वाटेतील अडथळे चुकवितो आणि पायऱ्या व पदपथाची कड आली की थांबतो. वाहतुकीचा दिवाही कुत्रा वाचीत नाही. तांबडा व हिरवा हे रंग त्याला स्पष्टपणे वेगळे ओळखता येत नाहीत. वाहनांच्या आवाजावरून रस्ता ओलांडण्याची वेळ माणूसच निश्चित करतो. म्हणूनच पांढऱ्या काठीच्या साहाय्याने स्वतंत्रपणे हिंडण्याचे कौशल्य ज्याच्या अंगी नाही, त्याने या कार्यास हात घालू नये.

आज्ञांच्या निवडीत ध्वनिभेदाला महत्त्व आहे. इंग्रजीतील ‘नो’ आणि ‘गो’ हे शब्द सयमक आहेत. निषेध आणि गती यांसाठी अशी जोडी वापरणे धोक्याचे ठरेल. मराठीतील ‘डावीकडे’ व ‘उजवीकडे’ यांचा उत्तरार्ध एकच आहे. गोंगाटाच्या रस्त्यावर शब्दाचा आरंभ ऐकू आला नाही, तर उरलेल्या भागावरून दिशा कळणार नाही. मराठीतून शिकविणाऱ्याने येथे अधिक भिन्न ध्वनींचे शब्द योजणे इष्ट होय. शब्द एकदा ठरला की त्याचे रूप बदलू नये; ‘थांब’, ‘थांब रे’, ‘थांब बघू’ ही रूपे माणसाला समानार्थी वाटली, तरी शिकणाऱ्या प्राण्याला ती तशी वाटतीलच असे नाही.

पडताळणी मुख्यतः स्पर्शाने होते. कुत्र्याच्या पाठीवरील पट्ट्याला जोडलेल्या कठीण मुठीतून त्याची गती, वळण आणि थबकणे हाताला कळते. पदपथाच्या कडेशी कुत्रा थांबला की माणूस पायाने किंवा काठीने कड चाचपतो. ती सापडताच तत्काळ खाऊ व शाबासकी देतो. कुत्रा न थांबता पुढे गेला, तर कडेवर टकटक करून ती त्याच्या लक्षात आणून देतो, काही पावले मागे जातो आणि तोच प्रसंग पुन्हा घडवितो. खांबाला खांदा लागल्यासही हीच रीत. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी टाळणे सर्वांत कठीण, कारण कुत्रा तिच्याखालून सहज जाऊ शकतो. आपल्या शरीरापुरती नव्हे, तर दोघांच्या मिळून होणाऱ्या रुंदी-उंचीपुरती जागा मोजण्यास त्याला शिकावे लागते. दार किंवा खुर्ची शोधण्याच्या पाठात कुत्र्याने त्या वस्तूला नाक लावावे असे शिकवितात. त्याच्या मानेवरून हात पुढे नेला की वस्तू सापडते.

स्पर्शाची ही पद्धत एका ठिकाणी अपुरी पडते. कुत्र्याने यशस्वीपणे टाळलेला अडथळा माणसाला कळतच नाही. म्हणजे त्याचे उत्तम काम बक्षिसाविना राहण्याचा संभव असतो. जेमतेम टळलेली धडकही अशीच अज्ञात राहते. यासाठी विश्वासू डोळस साहाय्यक आवश्यक असतो. विशेषतः वाहनांसमोर थांबण्याचा सराव अनुभवी चालकाच्या सावकाश चालणाऱ्या गाडीसमोर, नियंत्रित परिस्थितीतच करावयाचा असतो.

या सरावात आज्ञेचा अर्थ एका वेगळ्या पातळीवर जातो. ‘पुढे’ या शब्दाचा अर्थ ‘पुढे चल’ एवढाच राहिला, तर तो प्राणघातक होईल. ‘धोका नसेल तर पुढे चल’ हा त्याचा पूर्ण अर्थ आहे. त्यातील अट उच्चारली जात नाही, परंतु कुत्र्याने ती पाळावयाची असते. गाडी येत असताना आज्ञा मोडणारा कुत्रा खऱ्या अर्थाने आज्ञाधारक ठरतो. याला जाणती अवज्ञा म्हणता येईल. मालकाचे कर्तव्य असे की, अशा नकाराला हट्ट समजून शिक्षा करू नये; प्रथम थांबावे, ऐकावे, काठीने पाहावे. एकदा योग्य नकाराला शिक्षा मिळाली, तर पुढच्या वेळी नकार मिळेलच याची शाश्वती नाही.

अमेरिकेत विकलांगांविषयीच्या १९९० च्या कायद्याखालील नियमांनुसार स्वतः शिकविलेल्या कुत्र्यालाही सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क आहे. प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र शिक्षण अपुरे असेपर्यंत हा हक्क त्या कायद्याने मिळत नाही; त्याबाबत राज्याराज्यांतील नियम भिन्न आहेत. शिवाय वर्ष-दीड वर्षाच्या परिश्रमानंतर कुत्रा भित्रा किंवा सांध्यांनी अधू निघाला, तर संस्थेकडे दुसरा कुत्रा असतो. एकट्या शिक्षकाला पुन्हा आरंभ करावा लागतो. तरीही काही अंध व्यक्ती हा मार्ग पत्करतात. कुत्र्याची निवड, शिक्षणाची रीत आणि आज्ञेचे शब्द यांवर त्यांचा स्वतःचा अधिकार राहतो. या अधिकाराचे मोल एकच आहे: कुत्र्याचा नकार ऐकून घेण्याचे शिक्षण मालकाने आधी स्वतःला द्यावयाचे असते.