शून्य आणि एक यांच्या दरम्यान

इंदापूरकडचा माझा एक जुना विद्यार्थी बारामतीच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात माल तपासण्याचे काम करतो. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे बोल्ट त्याच्या हाताखालून जातात. परवा घरी आला आणि म्हणाला, “सर, खराब बोल्ट माझ्या नजरेत सापडण्याची संभाव्यता ६० टक्के. आता माझ्यापुढे आणखी एक माणूस बसवलाय, त्याचीही ६०. म्हणजे झाले १२० टक्के. आता एकही सुटायचा नाही!”

वाचकहो, हिशेब ऐकायला गोड आहे. पण मला मात्र धास्ती वाटली.

संभाव्यता म्हणजे येथे काय? शंभर खराब बोल्ट पुढ्यातून गेले, तर सरासरीने किती पकडले जातात, हे प्रमाण. एकही सापडला नाही तर ०. सगळे सापडले तर शंभरात शंभर, म्हणजे १. एकही न सापडण्यापेक्षा कमी सापडणार कसे? आणि शंभरातले १२० आणायचे कोठून? म्हणून संभाव्यता ० च्या खाली उतरत नाही आणि १ च्या वर चढत नाही.

कोल्मोगोरोव या रशियन गणितज्ञाने १९३३ साली या शास्त्राचा पाया पक्का बांधला. त्याचे सार थोडक्यात असे : संभाव्यता ऋण नसते, सर्व शक्यता मिळून १ होते, आणि ज्या घटना एकदम घडू शकत नाहीत, त्यांच्याच संभाव्यतांची सरळ बेरीज करावी.

आमचा गडी चुकला तो या शेवटच्या ठिकाणी. एकच बोल्ट दोघांच्याही नजरेत भरण्याजोगा असू शकतो. शंभरांपैकी पहिल्याने ६० पकडले, उरले ४०. दुसऱ्याने त्या चाळिसांतले ६० टक्के, म्हणजे २४ पकडले. एकूण ८४. तेव्हा संभाव्यता ०.८४, आणि १६ बोल्ट पुढे गेले! शिवाय पहिल्याला चुकवून आलेले बोल्ट बहुधा बारीक चिरेचे; दुसऱ्यालाही ते तितक्या सहज दिसतीलच असे नाही.

खालच्या टोकालाही अशीच फसगत होते. मोठ्या लॉटमधले ५० बोल्ट पाहिले, सगळे चांगले निघाले. मग खराब असण्याची संभाव्यता शून्य म्हणायची काय? छे! शंभरात एक खराब असलेल्या लॉटमधूनही ५० च्या ५० चांगले निघण्याची संभाव्यता सुमारे ०.६ असते.

तेव्हा उत्तर १ च्या वर गेले, तर खात्री वाढली असे समजू नका; हिशेब चुकला असे समजा आणि पुन्हा मांडा. विद्यार्थ्याला हे पटले. तो म्हणाला, “मग त्या सोळांचं काय, सर?” हाच खरा प्रश्न. भिगवण रस्त्याने भरधाव जाणाऱ्या गाडीतल्या माणसांना त्याचेच उत्तर हवे असते.