रात्रीचा रस्ता, वन्यप्राणी आणि मोटारसायकलस्वार शेतकरी

विदर्भ आणि मराठवाड्यातील खेड्यांत मोटारसायकल हे आता शेतीचेच एक साधन झाले आहे. पहाटे दूध संकलन केंद्रावर पोचविणे, बाजारातून बी-बियाणे व औषधे आणणे, रात्रीच्या पाळीत वीज मिळत असेल तेव्हा ओलितासाठी शेतावर जाणे, ही सर्व कामे तिच्यावर होतात. यांपैकी पुष्कळ फेऱ्या अंधारात, अरुंद व दिवे नसलेल्या रस्त्यांवरून होत असतात. वन्यप्राण्यांचा चरण्यास व पाण्यावर निघण्याचा समयही नेमका तोच असतो. रोही किंवा रानडुक्कर अकस्मात आडवे येऊन घरातील कर्ता माणूस जायबंदी होतो, प्रसंगी प्राणास मुकतो. अशा अपघातास लोक दैवाचा घाला समजतात. परंतु प्राणी रस्ता कोठे व केव्हा ओलांडतात याचा थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, यांपैकी बऱ्याच घटना टाळता येण्याजोग्या असतात.

प्राण्यांच्या वाटा ठरलेल्या असतात

वन्यप्राणी रस्त्यावर वाटेल तेथे येत नाहीत. दिवसा त्यांना लपण्यासाठी दाट आसरा लागतो. नाल्याकाठची झुडपे, वेड्या बाभळीचे बन, घाणेरीची जाळी, पडीक माळ, तलावाखालची बेटे किंवा राखीव जंगल ही त्यांची विश्रांतीची ठिकाणे होत. सायंकाळ झाली की ते चारा व पाणी यांच्या शोधात निघतात आणि उजाडण्यापूर्वी परततात. आसरा एका बाजूस आणि पीक किंवा पाणी दुसऱ्या बाजूस असेल, तर मधला रस्ता त्यांना दररोज दोनदा ओलांडावा लागतो. ही ये-जा बहुधा एकाच वाटेने होते. नाल्यावरील मोरीच्या दोन्ही अंगांस, खिंडीत, कुंपण संपते तेथे आणि धुऱ्याच्या टोकाशी अशा वाटा विशेषेकरून आढळतात.

हंगामाप्रमाणे या वाटा बदलतात हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्याच्या आरंभी सोयाबीन, मूग व उडीद यांच्या कोवळ्या रोपांवर रोह्यांचे कळप येतात. मका, भुईमूग व ऊस या पिकांकडे रानडुकरांचा ओढा असतो. रब्बीत हरभरा व गहू वाढू लागले म्हणजे प्राण्यांची वर्दळ त्या शेतांकडे वळते. डिसेंबर व जानेवारीत रात्री मोठ्या असतात, पहाटे धुके पडते आणि ओलिताच्या फेऱ्याही वाढतात. त्यामुळे हा काळ विशेष जोखमीचा समजावा. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या पाण्याकडे जाणाऱ्या वाटांवर गर्दी होते. ऊसतोड सुरू झाली म्हणजे फडात दडलेली डुकरे व इतर प्राणी नवा आसरा शोधत रस्त्यावर येतात. जुन्नर व संगमनेरकडील ऊसपट्ट्यात बिबट्याचेही तसेच होते.

कोणत्या प्राण्यापासून कोणता धोका

रोही, म्हणजेच नीलगाय, हा अंगाने घोड्याएवढा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोंहून अधिक भरते. त्याचे पाय उंच असल्यामुळे धडक होते तेव्हा त्याचे धड थेट स्वाराच्या छातीवर व डोक्यावर येते. रोही पहाटे व सायंकाळी अधिक हिंडतात. ठरावीक जागी लेंड्या टाकण्याची सवय त्यांना असते. रस्त्याच्या कडेला लेंड्यांचा ढीग दिसला तर तेथे त्यांचा वावर आहे असे निश्चित समजावे.

रानडुकराची गोष्ट निराळी आहे. ते ठेंगणे असल्याने पुढील चाकाशी अडखळते, गाडी उलटते व स्वार दूर फेकला जातो. त्याचा रंग काळसर असल्याने तो अंधारात मिसळून जातो. त्याहून महत्त्वाची बाब त्याच्या डोळ्यांची आहे. गाय, बैल, रोही, चितळ, बिबट्या यांच्या डोळ्यांच्या आत प्रकाश परतविणारा एक थर असतो. म्हणून दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात व दुरूनच प्राणी असल्याची सूचना मिळते. डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. "डोळे चमकले नाहीत, म्हणजे रस्ता मोकळा आहे" या समजुतीवर विसंबून राहणारा मनुष्य म्हणूनच रानडुकरावर आदळतो. इतर प्राणीही पाठमोरा असेल तर त्याचे डोळे चमकताना दिसत नाहीत.

हरिण, चितळ व काळवीट हे चपळ प्राणी आहेत. अंधारास सरावलेल्या त्यांच्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की ते दिपून जागीच थबकतात, आणि पुढच्याच क्षणी कोणत्याही दिशेस उडी घेतात. ते कोणीकडे जातील याचा तर्क करू नये. कोल्हापूर, सिंधुदुर्ग व रत्नागिरीकडील घाटरस्त्यांवर गवा आढळतो. त्याचे अंग काळे असून गुडघ्याखालचे पाय मात्र पांढरे असतात. अंधारात पुष्कळदा हे पांढरे पायच आधी नजरेस पडतात.

यांपैकी बहुतेक प्राणी कळपाने राहतात. डुकरिणी व पिले एकामागून एक रांगेने रस्ता ओलांडतात. रोह्यांचाही कळप असतो. एक प्राणी पलीकडे गेला म्हणजे धोका टळला असे मानून वेग वाढवू नये. मागून दुसरा, तिसरा येणारच असे धरून थांबावे.

उजेड आणि वेग यांचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणतः एक ते दीड सेकंद जातो. दीड सेकंद धरल्यास तेवढ्यातच २५ मीटर अंतर संपते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना, गाडी थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण अंतर ५३ मीटर झाले. ताशी ४० किलोमीटर वेग असल्यास हे एकूण अंतर सुमारे २९ मीटर भरते आणि ताशी ३० किलोमीटरला सुमारे २० मीटर.

आता दिव्याचा विचार करू. मोटारसायकलीच्या दिव्याच्या खालच्या झोतात प्राणी ओळखू येईल असा उजेड साधारणपणे ३० ते ४० मीटरपर्यंतच पडतो. काच धुळीने माखलेली असेल तर त्याहूनही कमी. याचा अर्थ स्पष्ट आहे. खालच्या झोतात ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्यास प्राणी दिसतो तेव्हा थांबण्यास पुरेशी जागा उरलेलीच नसते. मग तो कितीही सराईत असो. यावरून एक साधा नियम सांगता येईल : जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. अंधाऱ्या ग्रामीण रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वरची मर्यादा समजावी. प्राण्यांच्या वाटेजवळ आणि खडी, मुरूम किंवा ओल असलेल्या ठिकाणी ती ३० वर आणावी, कारण तेथे ब्रेकला जवळजवळ दुप्पट अंतर लागते.

वेग कमी केल्याने किती वेळ जातो हेही पाहावे. गावापासून शेत पाच किलोमीटर असेल तर ६० ऐवजी ४० च्या वेगाने गेल्यास अवघी अडीच मिनिटे अधिक लागतात.

रस्ता मोकळा असताना वरचा झोत लावावा व समोरून वाहन आल्यास खाली करावा. वाहन निघून गेल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावण्यास काही क्षण जातात, तेवढा वेळ वेग वाढवू नये. मागे गवताचा भारा किंवा खताचे पोते असले म्हणजे गाडीचे तोंड उचलले जाऊन झोत वर जातो व जवळचा रस्ता अंधारात राहतो. हे टाळावे.

प्राणी समोर आल्यास काय करावे

गाडी सरळ ठेवून पुढचा व मागचा असे दोन्ही ब्रेक एकदम, परंतु क्रमाने जोर वाढवीत लावावेत. हँडल झटक्याने वळवू नये. प्राण्यास चुकविण्याच्या प्रयत्नात समोरच्या वाहनावर, झाडावर किंवा मोरीच्या कठड्यावर आदळल्याने होणारी इजा पुष्कळदा अधिक भयंकर असते. धडक अटळ दिसत असेल तरीही शेवटपर्यंत वेग कमी करीत राहावे. वेग निम्मा झाला तर आघाताचा जोर एक चतुर्थांशावर येतो. प्राणी रस्त्यात उभा असल्यास अंतर राखून थांबावे, झोत खाली करावा, हॉर्न वाजवावा व त्यास जाऊ द्यावे. पिलांसह असलेल्या डुकरिणीच्या जवळून गाडी काढू नये.

डोक्यास कानटोपी व मफलर गुंडाळल्याने थंडी निवारेल, डोके वाचणार नाही. भारतीय मानक चिन्ह असलेले शिरस्त्राण पट्टा आवळून घालावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ अन्वये ते मागे बसणाऱ्यासही आवश्यक आहे. शेतावर जाण्याचा पल्ला जवळचा आहे, ही सबब येथे उपयोगाची नाही.

गावाने करावयाची कामे

एकट्या स्वाराच्या दक्षतेस गावाच्या संघटित प्रयत्नांची जोड मिळाली पाहिजे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत.

१. वाटांची पाहणी : दूध नेणारे, ओलितास जाणारे, गुराखी, वनरक्षक व पोलीस पाटील यांच्याकडून प्राणी ओलांडण्याची ठिकाणे विचारून घ्यावीत. सकाळी त्या ठिकाणी जाऊन धुळीतील खुरांचे ठसे व लेंड्या पाहून खात्री करावी. ही ठिकाणे गावाच्या नकाशावर मांडून नकाशा ग्रामपंचायतीत लावावा आणि खरीप, रब्बी व उन्हाळा अशा तीन वेळा तो सुधारावा.

२. खुणा : अशा प्रत्येक ठिकाणाच्या अलीकडे व पलीकडे १०० मीटरवर चुना लावलेले दगड किंवा उजेडात चमकणारी पट्टी लावलेले खांब उभे करावेत. सूचनाफलक व गतिरोधक यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून रस्ता ज्या खात्याकडे असेल त्याकडे पाठवावा.

३. कडेची सफाई : रस्त्याच्या दोन्ही अंगांची झुडपे संबंधित खात्याच्या अनुमतीने काढल्यास प्राणी रस्त्यावर येण्यापूर्वीच दृष्टीस पडतो. मोरीखालील गाळ व काटेरी झुडपे काढली तर काही प्राणी मोरीखालूनच पलीकडे जाऊ लागतात.

४. आमिष टाळणे : रस्त्यावर मळणी करून धान्य सांडू देणे, सडका भाजीपाला किंवा मेलेली जनावरे कडेला टाकणे, हे प्राण्यांस रस्त्यावर बोलावण्यासारखे आहे.

५. कुंपणाचा विचार : सलग कुंपणात मध्येच एक फट राहिली तर सर्व कळप त्याच फटीतून रस्त्यावर उतरतो. कुंपण घालताना शेजाऱ्यांनी मिळून ती जागा ठरवावी. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा असून त्यायोगे माणसेही दगावतात.

प्राण्यांस सुरक्षित वाट मिळाली तर ते ती वापरतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर ते शिवनी या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी महामार्गाखालून नऊ मार्ग ठेवण्यात आले आहेत. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघासह अनेक जातींचे प्राणी त्यांतून जाताना आढळून आले.

अपघात घडल्यास

जखमी मनुष्यास जपून रस्त्याच्या बाजूस घ्यावे, मागून येणाऱ्या वाहनांना दिवा दाखवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेस इजा झाल्याचा संशय असल्यास मान हलवू नये. मदत करणाऱ्यास २०१९ मधील दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे, त्यामुळे भीतीने कोणी मागे राहू नये.

जखमी प्राण्याच्या जवळ जाऊ नये. घायाळ रानडुक्कर सुळ्यांनी हल्ला करते. वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. मेलेला वन्यप्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ अन्वये शासनाची मालमत्ता असतो. त्याचे मांस नेणे हा अपराध होय.

पोलीस व वन विभाग यांच्याकडून पंचनामा अवश्य करून घ्यावा. पंचनाम्याअभावी पुढील अर्ज अडून राहतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, जी २०२३ पासून या स्वरूपात अमलात आली, खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांचा समावेश आहे. अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. अर्ज विलंब न लावता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. याशिवाय गाडीच्या विम्यात मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. मात्र विमा चालू व परवाना वैध असला पाहिजे. आपल्या विमापत्रात हे संरक्षण आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने आजच पाहून घ्यावे.

पिकाच्या राखणीसाठी व ओलितासाठी रात्री बाहेर पडणे शेतकऱ्यास चुकत नाही, आणि प्राण्यांसही चाऱ्यासाठी रस्ता ओलांडणे चुकत नाही. दोघांची गाठ कोठे पडते हे गावास ठाऊक असते. ते नकाशावर आणावे, तेथे खूण करावी आणि त्या खुणेपाशी प्रत्येकाने वेग कमी करावा. एवढे जरी झाले, तरी ओलितास गेलेला मनुष्य सकाळी सुखरूप घरी परत येईल.